जस्त ऋण, बोट धन

चेअरमनच्या गड्याचा हातोडा ‘सागरदीप’च्या तळातून आरपार गेला तेव्हा मी मच्छीमार सोसायटीच्या खोलीत वायरलेसपाशी बसून गवारीच्या शेंगा मोडत होते. लोखंडी बोटीवर हातोडा पडला की बंदरभर ठणठणतं. हा आवाज तसा नव्हता. भिजलेला पुठ्ठा फाटावा तसं काहीतरी झालं आणि बाहेर सगळे गप्प झाले. आमच्या बंदरावर बाप्ये गप्प झाले की समजावं, काहीतरी वाईट आहे. एरवी त्यांची तोंडं मिटत नाहीत.

मी खिडकीतून डोकावले. बोट रंगासाठी वाळूवर ओढून घेतली होती. चेअरमन चौगुले कमरेवर हात ठेवून उभे होते आणि आमचे हे खाली उकिडवे बसून त्या भोकाची कड चाचपत होते.

“मास्तर, हा काय प्रकार आहे?” चौगुले म्हणाले. “गेल्या साली नवा पत्रा टाकलाय मी इथे.”

हे उठले आणि हातोडा घेऊन थोडं पुढे अलगद ठोकून पाहिलं. तिथेही पत्रा आत गेला.

आमचे हे म्हणजे मोरेश्वर दोरकर. आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या वर्गाला शिकवायचे, म्हणून सगळं बंदर त्यांना मास्तर म्हणायचं. कुणाची बॅटरी बसली, कुणाचा दिवा लागत नाही, की धावले मास्तरकडे. हेही असे भोळे, की जेवणाच्या ताटावरून उठून जायचे. मी कितीदा बडबडले असेन, पण ऐकतील तर शपथ.

बंदरात लोखंडी बोटी दोनच. एक चेअरमनची ‘सागरदीप’ आणि दुसरी माझ्या धाकट्या भावाची, हरेश्वरची, ‘पद्मावती’. बाकी सगळ्या लाकडी नाहीतर फायबरच्या. खारं पाणी लोखंड खातं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ते खाऊ नये म्हणून तळाला जस्ताच्या पट्ट्या ठोकतात. पाणी मग लोखंड सोडून जस्त खातं आणि दरवर्षी नव्या पट्ट्या ठोकाव्या लागतात. मोठ्या जहाजांवर हेच काम विजेवर करतात, असं ह्यांनी कुठेतरी वाचलं. मुंबईला जुन्या जहाजांचं सामान विकतात, तिथून दोन खोके आणले. खोक्यातून दोन वायरी निघतात. एक बोटीला जोडायची आणि एक तळाशी बसवलेल्या तबकडीला. गणपती झाल्यावर ह्यांनी स्वतःच्या हातानं दोन्ही बोटींवर खोके बसवले. चेअरमनला पट्ट्यांचा खर्च वाचवायचा होता. हरूनं मात्र का म्हणून विचारलंसुद्धा नाही. भावोजी म्हणाले असते तर त्यानं बोटीवर पाळणाही बांधला असता.

हरूला मीच वाढवला म्हणा ना. आई गेली तेव्हा तो चड्डीत होता. माझं लग्न झालं तसा माझ्या पाठोपाठ इथेच आला. ह्यांनी त्याला पाटीवर अक्षरं शिकवली, गणित शिकवलं. मोठा होऊन बोटीवर जायला लागल्यावर मीटर कसं लावायचं तेही शिकवलं. मीटरचं एक टोक जस्ताला, एक बोटीला. “काय दाखवतो काटा?” हे विचारायचे. “जस्त ऋण, बोट धन,” हरू म्हणायचा. जेवताना त्याला मीठ वाढलं तरी तो तेच म्हणायचा, मला चिडवायला. वीज मात्र त्यानं कधी शिवली नाही. लहानपणी आमच्याच घरी त्याला झटका बसला होता. तेव्हापासून साधा बल्ब बदलायचा तरी शेजाऱ्याला हाक मारायचा. एवढा धिप्पाड तांडेल, वादळात बोट हाकणारा, आणि बल्बला भ्यायचा.

तर हे बोटीला वळसा घालून त्या तबकडीपाशी गेले. तबकडीवर चुन्यासारखी पांढरीशुभ्र खडी जमली होती. ती ह्यांनी नखानं खरवडली आणि तिच्याकडे बघत नुसते उभे राहिले. मग खोलीत आले. चेहरा असा झाला होता की माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

“हरू कुठे आहे?”

“कुठे असणार? काल पहाटे गेलाय. उद्या येईल.”

“त्याला बोलव. म्हणावं खोका बंद कर आणि परत फीर.”

“का पण?”

“उलटा लावलाय गं मी तो.”

मला काही कळेना. म्हटलं, “सरळ सांगा की. तुमच्या वर्गातली नाही मी.”

ते स्टुलावर बसले. “जस्त असतं तेव्हा वीज आपोआप तयार होते. जस्त झिजतं, ते धनाग्र. बोट ऋणाग्र. पण मीटर लावलं की उलटं दिसतं, ऋणाग्र असूनही बोट धन. हे मी पोरांना घोकून शिकवलंय, नावाला फसू नका म्हणून. खोका विकणारा म्हणाला, बोट कॅथोड करायची. कॅथोड म्हणजे ऋणाग्र. मी म्हटलं, म्हणजे बोट धन. लावली धनाला.”

“मग?”

“मग काय. तिथे वीज आपोआप होत नाही, आपण बाहेरून ढकलतो. तेव्हा चिन्हं फिरतात. बोटीला ऋण लावायला हवं होतं. ती खडी बोटीवर धरायला हवी होती, ती तबकडीवर धरली.” त्यांनी तळहातानं तोंड पुसलं. “जस्ताच्या जागी मी बोट लावली, कुमुद. गणपतीपासून पाणी बोटच खातंय. रंगाच्या आतून.”

मी माईक उचलला.

आमच्याकडे सगळ्या बोटी एकाच चॅनेलवर असतात. एकाशी बोललं की वीसजण ऐकतात. बायकांची भांडणंही त्यावरून बंदरभर झालेली आहेत. मी बटण दाबणार, तोच ह्यांनी माझं मनगट धरलं.

“खोका बिघडलाय म्हण. उलटा लावला म्हणू नकोस. सगळे ऐकतायत गं.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हात सोडला.

“पद्मावती, पद्मावती, सोसायटी बोलतेय.”

“बोल बाय.” हरूचा आवाज. मागे इंजिनाची घरघर. “गवार केलीस की नाही?”

“हरू, तो भावोजींचा खोका आहे ना, तो बंद कर. आणि परत ये.”

“बंद करतो. परत कशाला? जाळं आत्ताच टाकलंय. सुरमई लागलीय चांगली. उद्या येतोच आहे.”

ह्यांनी हात जोडले. खिडकीबाहेर चेअरमन येऊन उभे राहिलेले मला दिसत होते. पण खोका बिघडला एवढंच सांगितलं असतं तर हरू सुरमई सोडून आला नसता. तो माझाच भाऊ, मला नाही कळणार? मी बटण दाबलं.

“हरू, नीट ऐक. तुझ्या भावोजींनी खोका उलटा जोडला. बोटीचा तळ खाल्ला गेलाय. ‘सागरदीप’मधून हातोडा आरपार गेला आत्ता. जाळं सोड आणि ये.”

मग हरू म्हणाला, “थांब, बघतो.”

तो बघून येईपर्यंत मी तो माईक दोन्ही हातांत धरून बसले. उत्तरेचा वारा सुटला होता आणि बाहेर नारळाच्या झावळ्या आपटत होत्या. तिकडे समुद्र कसा असेल ते मला सांगायला कुणाची गरज नव्हती.

“बाय, मासळीच्या खणाखाली पाणी आहे. इतकं नसतं. पंप लावलाय.”

ह्यांनी माईक घेतला. “हरू, काही ठोकू नकोस. खरवडू नकोस. सिमेंट थापायलाही जाऊ नकोस, दाब पडला की जाईल. जाळं कापून टाक. हळू ये. लाटेवर आपटू देऊ नकोस तिला.”

“बरं भावोजी. आवाज का कापतोय तुमचा?”

तेवढ्यात दुसराच आवाज आला. ‘हरिप्रिया’ म्हणून पलीकडच्या बंदराची बोट होती, तिचा तांडेल. “पद्मावती, मी तुझ्या खालच्या अंगाला आहे. येतो तुझ्याकडे.” आणि मग आणखी आवाज, कोण कोण ते कळेना. “मास्तरनं दोन बोटी खाल्ल्या की रे.” “कुणी सांगितलं होतं नको ते धंदे करायला.” “सोडू नका त्याला, आम्ही येतोय.” एकजण तर असं काही बोलला की ते मी आजही तोंडानं उच्चारणार नाही.

चेअरमन दारात आले. हातोडा त्यांच्या हातातच होता. त्यांच्या मागे चारपाच गडी. “मास्तर, बाहेर या,” ते म्हणाले. आवाज चढवलाही नाही त्यांनी. हे उठले. मी मध्ये उभी राहिले, पण माझ्या उभं राहण्यानं काय होणार होतं? ते पाचसहाजण आणि मी एकटी, गवारीची परात हातात घेऊन.

तेव्हा हरू बोलला.

“कोण बोलतंय रे ते? भावोजींना काही म्हणायचं काम नाही.” तो नेहमीसारखाच बोलत होता, जरा मोठ्यानं, पंपाच्या वर. “भावोजींनी वायरी बरोबर लावल्या होत्या. तबकडीला धन, बोटीला ऋण. मीच फिरवल्या नंतर.”

चेअरमन थांबले.

“भावोजी जन्मभर सांगत आले, बोट धन. आणि बघतो तर बोटीला ऋण लावलेलं. मी म्हटलं, मास्तर चुकले. त्यांना लाज नको म्हणून कुणाला न सांगता फिरवल्या. ‘सागरदीप’वरच्यासुद्धा मीच फिरवल्या. चेअरमन ऐकत असतील तर त्यांना सांगतो, माझी चूक आहे. भावोजींची नाही.”

मी बटण दाबलं. “हरू, काय बोलतोस तू हे? तू साधा बल्ब…”

“बाय, बटण सोड. दुसऱ्यालाही बोलायचं असतं.” मग जरा हळू, “भावोजींना घरी ने. चहा दे त्यांना.”

दारातले लोक एकमेकांकडे बघायला लागले. चेअरमननी हातोडा भिंतीला टेकवून ठेवला.

आमच्या खारव्यांत एक मानतात. बोटीवर उभं राहून, खाली पाणी असताना, माणूस खोटं बोलत नाही. जमिनीवर काय हवं ते बोला, पाण्यावर नाही. घरी बायकोशी दहादा खोटं बोलणारा बाप्यादेखील तांडेलाच्या जागी उभा राहिला की तोंड सांभाळतो. हरूला हे त्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. म्हणूनच तो तिथून बोलला.

त्यानंतर त्याच्याशी फार बोलणं झालं नाही. ‘हरिप्रिया’ दिसायला लागली, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, इंजिनाच्या खालचा पत्रा फाटलाय, महादू आत आहे, त्याला काढून आणतो. महादू पाटेकर त्याचा इंजिनवाला. हे दोन्ही हातांनी टेबल धरून उभे होते. मी हाका मारत राहिले, पद्मावती, पद्मावती. पुढे जे बोलणं आलं ते ‘हरिप्रिया’वरून आलं. पाचजणांना पाण्यातून घेतलंय, म्हणाले. तांडेल आणि इंजिनवाला दिसत नाहीत, शोधतोय.

महादू दुसऱ्या दिवशी सापडला. हरू सापडलाच नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. नंतरचं मला सगळं सलग आठवत नाही, पण सोसायटीची बैठक आठवते. लोक दाटीवाटीनं बसले होते. ‘पद्मावती’वरून वाचलेले पाचहीजण पुढे होते. हे उभे राहिले आणि म्हणाले, “वायरी मी उलट्या लावल्या. हरूनं खोक्याला हातसुद्धा लावला नव्हता. दोन माणसं माझ्यामुळे गेली.”

दोघंतिघं नुसतेच चुकचुकले. ह्यांना वाटलं, लोकांना कळलं नसेल. मास्तर ते, खडू घेतला आणि भिंतीवरच्या फळ्यावर आकृती काढली. जस्ताचं भांडं एकीकडे, खोका एकीकडे. धनाग्र कुठलं, ऋणाग्र कुठलं, इथे चिन्ह काय, तिथे काय, आणि आपण नेमके कुठे फसलो, सगळं समजावलं. त्यांच्या वर्गातली पोरंही इतकं मन लावून ऐकत नसतील. मी लोकांच्या तोंडाकडे बघत होते. जसजसं हे समजावत होते तसतशी मान हलत होती एकेकाची, पण भलत्याच कारणानं.

मागून कुणीतरी म्हणालं, “एवढं ज्याला कळतं, तो चुकेल होय?”

चेअरमन उठून जवळ आले आणि त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी हातोडा घेऊन आलेला हाच माणूस. “मास्तर, तुमचं मन मोठं आहे. पण मेहुण्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका. त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, पाण्यात उभं राहून. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय.”

“तो खोटं बोलला,” मी म्हणाले. उभी राहूनच म्हणाले, सगळ्यांसमोर. “माझा भाऊ बल्ब बदलायलाही भ्यायचा. मला वाचवायला, माझं घर वाचवायला तो खोटं बोलला. तेव्हा मीच आधी खरं सांगितलं होतं, ते नाही का ऐकलंत तुम्ही?”

वाचलेल्यांतला एक म्हातारा खलाशी होता. तो हात जोडून म्हणाला, “बाय, तुला मास्तरनं घाबरून काहीतरी सांगितलं, ते तू बोललीस. तुझं दुःख आम्हाला कळतं. पण तांडेल गेला तो खरं बोलून गेला. त्याला आता खोटा पाडू नकोस.”

पोलिसांना ह्यांनी सांगितलं, तेही असंच झालं. त्यांनी लिहून घेतलं आणि मग त्या पाचजणांना विचारलं. पाचजणांनी एकच सांगितलं.

म्हणजे झालं काय बघा. आमचे हे खरं बोलले आणि देवमाणूस ठरले. लोक वाटेत थांबून नमस्कार करायचे. पहिल्यापेक्षा जास्त बोटी कामाला यायला लागल्या. हे कुठल्याच बोटीवर चढले नाहीत, तर त्यातही लोकांना त्यांचा मोठेपणाच दिसला. आणि हरू, जो त्या दिवशी सुरमई सोडून महादूसाठी खाली उतरला, त्याचं नाव काढलं की लोक थुंकायचे. अर्धवट शहाणा म्हणायचे. महादूची आई हरूच्या दारात येऊन छाती पिटून शिव्याशाप द्यायची, त्याच्या लहान लहान पोरींना द्यायची. बाजारात हरूच्या बायकोच्या, शेवंतीच्या मासळीच्या पाटीला कुणी हात लावेना. तिनं मग पार टोकाला, खाटकाच्या दुकानापलीकडे बसायला सुरुवात केली. मी भांडायला जायचे. बायका माझं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, बहीण आहे, बोलणारच.

वर्षश्राद्ध झालं त्यानंतर एका सकाळी शेवंती दोन्ही पोरींना घेऊन आमच्याकडे आली. हे ओसरीवर खुर्चीत बसले होते. तेव्हा ते दिवसभर तिथेच बसायचे. आयटीआय सोडून दिली होती. शेवंती खाली फरशीवर बसली.

“भावोजी,” ती म्हणाली, “सगळ्या गावात तुम्ही एकटे त्यांच्या बाजूनं उभे राहिलात. भर सभेत खोटं बोललात आमच्यासाठी. हे कोण करतं?”

“शेवंते, मी खोटं बोललो नाही,” हे म्हणाले. “खरंच मी लावल्या उलट्या. तुझ्या नवऱ्याला मी मारलं.”

“हो. कळतं मला,” ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

मला राहवेना. मी तिच्या शेजारी जाऊन बसले, तिचे दोन्ही हात धरले. “अगं खरं आहे ते. शपथेवर सांगते. हरू निर्दोष होता. आमच्यासाठी बोलला तो तसं. तू तरी विश्वास ठेव, नाहीतर ह्या पोरी बापाला काय समजतील?”

शेवंतीनं हात सोडवून घेतले. रागावली नाही, पण तिचा चेहरा बंद झाला.

“वन्सं, चुकले असतील ते. माणूस चुकतं. पोरींना मी तेच सांगते, बाबा चुकले पण कबूल करून गेले. तेवढंच राहिलंय माझ्याकडे. आता तुम्ही म्हणताय, ते पाण्यात उभं राहून खोटं बोलले. बुडताना खोटं बोलले. मग त्यांना जागा कुठे मिळेल, सांगा? त्यांचं तर अंगही सापडलं नाही.”

तिनं पोरींना पुढे ढकललं. “पाया पडा आतोबांच्या. तुमच्या बाबांची चूक यांनी आपल्या अंगावर घेतली.”

ह्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. “नको,” म्हणाले, “नको गं, पोरींनो.” पण लहान पोरं ती, आईनं सांगितलं तसं करणारी. थोरली गुडघ्यांवर बसली, धाकटी तिच्या मागे, आणि दोघींनी खुर्चीखाली हात घालून ह्यांचे पाय शोधून काढले.